तुपाच्या तळाची बेरी

विषय : लोणी कढवून तूप केल्यावर भांड्याच्या तळाशी बेरी का राहते, याबाबत.

संदर्भ : उदर्चि ऋषींची पत्नी रोचना हिने ब्रह्मदेवाकडे केलेला अर्ज, कृतयुग.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की कृतयुगाच्या ऐन भरात, धर्म जेव्हा चारही पायांवर उभा होता आणि त्यामुळे कोणालाच त्याची फारशी काळजी वाटत नव्हती, त्या काळी लोणी आजच्यासारखे नव्हते. ते चुलीवर ठेवले की निःशब्द वितळे, आणि वितळले की सगळेच्या सगळे तूप होई. भांड्याच्या तळाशी काही उरत नसे. गृहिणी तूप ओतून घेत आणि भांडे तसेच फळीवर ठेवून देत.

त्या काळी वेत्रिणी नदीच्या काठी उदर्चि नावाच्या महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. आश्रमाभोवती साळीची शेते होती, शेतांच्या बांधांवर कदंब आणि करंज होते, आणि कदंबांच्या सावलीत, जन्मजात वैर विसरून, वाघ आणि हरिणे एकत्र बसत. हरिणे जरा कडेला बसत, एवढेच. आश्रमात वेदघोष अखंड चाले. तितकाच अखंड चालणारा दुसरा एक घोष होता, त्याचा उल्लेख ऋषींच्या चरित्रकारांनी केलेला नाही. तो गोठ्यामागच्या पडवीतून येई. तिथे खांबाला रवी बांधलेली असे, रवीखाली मोठा मातीचा डेरा, आणि रवीला गुंडाळलेल्या दोरीची दोन टोके दोन बायकांच्या हातांत. एकीने ओढायचे, दुसरीने सैल सोडायचे. मग दुसरीने ओढायचे, पहिलीने सोडायचे. एका टोकाला ऋषिपत्नी रोचना असे. दुसऱ्या टोकाला ऋषींची थोरली बहीण विपुला असे. ती विधवा होऊन माहेरी आली होती आणि आश्रमातली सगळी वासरे सांभाळत होती.

या आश्रमाचा एक आचार होता. पहाटे विपुलेने वासरू सोडायचे. ते आईला लुचले की गाय पान्हा सोडी. मग विपुलेने वासराला धरून बाजूला घ्यायचे, आणि रोचनेने धार काढायची, ती तीन सडांचीच. चौथ्या सडाला हात लावायचा नाही, तो वासराचा. धार संपली की रोचनेने चरवी उचलून मागे व्हायचे आणि विपुलेने वासरू पुन्हा सोडायचे. हा आचार कोणत्याही स्मृतीत लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो पाळला जात असे.

एके वर्षी पैलतीरावरच्या एका ऋषींनी यज्ञ केला आणि त्यात सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत तुपाची अखंड धार धरली. ही वार्ता अलीकडच्या तीरावर आली तेव्हा उदर्चि ऋषी ध्यानस्थ होते. ज्यांनी सर्व इंद्रिये जिंकली होती, क्रोध जिंकला होता, निद्रा जिंकली होती, त्या उदर्चींनी वार्ता पूर्ण ऐकून घेतली, डोळे उघडले आणि कमंडलूतले पाणी हातावर घेऊन संकल्प सोडला : "येत्या वसंत पौर्णिमेस मी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, एकाच गाईच्या लोण्याच्या तुपाची अखंड धार अग्नीला अर्पण करीन. धार खंडली, तर माझे तप खंडले असे समजावे."

पाणी हातावरून खाली गळले. संकल्प सोडण्याचे काम ऋषींचे. तो पुरा करण्याचे काम पडवीत जाते. पडवीत ही गोष्ट संध्याकाळी पोहोचली.

"एकाच गाईच्या?" विपुला म्हणाली. "कोणत्या गाईला विचारलं याने?"

"धूम्रेच्या," रोचना म्हणाली. "तीच दुधाळ आहे ना वन्सं, म्हणून तिचं नाव घेतलं."

"आणि सूर्यास्तापर्यंत. माध्यान्हापर्यंत धरली असती तरी अग्नी उपाशी राहिला नसता. लहानपणीही असाच होता. शेजारच्याने जांभळाच्या झाडावर चढावं, की याने शेंड्यावर चढायचं. उतरवायला मी."

रोचना हसली नाही. नवऱ्याचे तप तिने आपल्या डोक्यावरच्या भरल्या घागरीसारखे सांभाळले होते. घागर दुसऱ्याची असली तरी मान तिचीच अवघडत असे. तिने धूम्रेच्या दुधाचा हिशेब मनात मांडला. रोजचे लोणी, त्यावर मीठ न घालता गार पाण्यात राखलेले गोळे, वसंत पौर्णिमेपर्यंतचे दिवस. कितीही ओढून ताणून धरले तरी धार दुपारनंतर तुटत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीन सड झाल्यावर तिचा हात चौथ्याकडे गेला. विपुला वासराला घेऊन पाठमोरी उभी होती. ते वासरू ताम्रवर्णाचे होते, कपाळावर पांढरा टिकला होता, आणि विपुलेच्या मनगटाला चाटण्याची त्याला खोड होती. त्याच्या जिभेच्या खरखरीने विपुला हसत होती. चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजाकडे तिचे लक्ष नव्हते, असे रोचनेला वाटले.

पहिल्या दिवशी तिने चौथ्या सडाचे अर्धेच दूध घेतले. त्यानंतर अर्धे घेणे आणि सगळे घेणे यांतला फरक हळूहळू मिटला. वासरू सोडले की ते कासेला ढुशा मारी, पुन्हा मारी, मग आईच्या पायाशी उभे राही. ते हंबरत नव्हते. कृतयुगातल्या वासरांना तक्रार करण्याची सवय नव्हती.

"धूम्रा आटत चालली की काय ग?" विपुलेने एकदा दोरी ओढता ओढता विचारले.

"ऊन वाढलंय वन्सं."

"ऊन वाढलं तर लोणी कमी यायला हवं. डेरा जड लागतोय मला."

"साय चांगली धरली होती रात्री."

 विपुलेने वासराला भाताची पेज पाजायला सुरुवात केली. ती त्याचे तोंड मांडीवर धरून बोटाने पेज चाटवी. पेजेने पोट फुगते, अंग भरत नाही, हे तिला माहीत होते. तरी ती रोज पाजत राहिली. वसंत पौर्णिमा तोंडावर आली असताना एका सकाळी वासरू उठले नाही.

त्या युगात वासरे मरत नसत. सर्व जीव आपापले आयुष्य पुरे भोगून जात, आणि जे अकाली जाई त्यामागे कोणाचे तरी पातक असलेच पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे उदर्चींनी चौकशी मांडली. चौकशी सुरू झाली आणि जवळजवळ त्याच क्षणी संपली.

"आश्रमातली वासरे कोणाच्या हाती सोपवलेली आहेत?" ऋषींनी विचारले. ते गोठ्याच्या दाराशी उभे होते, मेघावर वीज उभी राहावी तसे. आत मात्र आले नव्हते, कारण त्यांचे स्नान झाले होते.

"माझ्या," विपुला म्हणाली.

"हे वासरू धार झाल्यावर वेळेवर सोडले जात होते काय?"

"सोडत होते."

"मग ते क्षुधेने कसे गेले?"

 विपुलेने रोचनेकडे पाहिले. ते पाहणे आरोपाचे नव्हते. पंगतीत बसलेल्या माणसाने वाढणारीकडे पाहावे, आता आपल्या पानात काही येईल म्हणून, तसे ते पाहणे होते. रोचनेच्या हातात ताकाची चरवी होती. तिने ती या हातातून त्या हातात घेतली. पौर्णिमा चार पावलांवर आली होती, गोळे पाण्यात तरंगत होते, आणि खरे सांगितले तर ते सगळे लोणी अपवित्र ठरून नदीत जाणार होते. ती चरवीतल्या ताकाकडे बघत राहिली.

उदर्चींनी कमंडलूतले पाणी हातावर घेतले.

"अक्का, ज्या मुक्या जिवाने तुझ्यावर विश्वास टाकला, त्याला तू उपाशी ठेवलेस. आजपासून कोणतेही वासरू तुझ्या हातांजवळ येणार नाही. तू हात पुढे केलास की ते मागे सरेल. या पातकासह या आश्रमात तुला जागा नाही."

विपुलेने पदराने हात पुसले. गोठ्यातली बाकीची वासरे, जी आतापर्यंत तिच्या पायात पायात घोटाळत होती, ती एकेक करून भिंतीकडे सरकली. तिने ते पाहिले. मग ती आपले अंथरूण गुंडाळून नदीकडे निघून गेली. जाताना तिने रोचनेला एवढेच सांगितले, "दोरीचं दुसरं टोक खांबाला बांध. एकटीने ओढताना रवी हेलकावते."

विपुला गेल्यावर वासरांचे काम रोचनेकडे आले. आता वासरे तिच्याकडे धावत येत. तिच्या हातांना दुधाचा वास होता; ती तिचे मनगट चाटत. ती हात मागे घेई, पदराखाली लपवी, तरी ती हुडकून काढून चाटत. ज्या शापाने विपुलेचे हात रिकामे केले त्या शापाने आपले हात भरून टाकले, हे तिला रोज पहाटे कळत होते. पण पौर्णिमा जवळ होती. पौर्णिमा झाली की सांगू, असे ती स्वतःला म्हणे. पौर्णिमा झाल्यावर सांगून काय उपयोग, असेही तीच म्हणे.

अखेर वसंत पौर्णिमेचा सूर्य उगवला. वेदीवर समिधा रचल्या होत्या, आकाशात विमानांची गर्दी झाली होती, देवांनी पुढच्या जागा धरल्या होत्या. पैलतीरावरचे ऋषीही आले होते. ते आशीर्वाद द्यायला आले होते असे म्हणत होते. रोचनेने लोण्याचे गोळे काशाच्या पातेल्यात घालून वेदीशेजारच्या चुलीवर ठेवले.

लोणी बोलू लागले.

आधी बुडबुड झाली, मग कडकड, मग तडतड. फेस वर आला. असा आवाज लोण्याने यापूर्वी कधी केला नव्हता. विमाने जरा मागे सरकली. उदर्चींनी मंत्र मोठ्याने म्हणायला घेतले. तडतड त्याहून मोठी झाली.

तेव्हा वेदीतून साक्षात अग्निदेव उभे राहिले, सात जिव्हा, पिंगट जटा, आणि देवांचा वाटा देवांपर्यंत पोहोचवण्याचे काम युगानुयुगे करून थोडे कंटाळलेला चेहरा.

"हे उदर्चि," अग्नी म्हणाले, "या लोण्यात दुसऱ्याचा वाटा मिसळलेला आहे. ज्याचा वाटा आहे तो सांगितल्याशिवाय मी हे स्वीकारणार नाही."

"भगवन्, हे लोणी एकाच गाईचे आहे. माझी पत्नी साक्षी आहे."

"तिलाच बोलू दे."

रोचना पुढे आली. ती म्हणाली, "ऊन वाढले होते. दूध कमी येत होते." पातेले कडाडले.

ती म्हणाली, "स्वामींचा संकल्प होता. धार खंडली असती तर त्यांचे तप खंडले असते." फेस काठाला आला. उदर्चि मान डोलावत होते, ते थांबले.

"चौथ्या सडाचे दूध मी काढले," ती म्हणाली. "वासराचा सड. रोज. ते वासरू मी मारले."

 पातेल्यातला आवाज कमी झाला, पण थांबला नाही.

"अजून आहे," अग्नी म्हणाले.

"वन्संना शाप होताना मी तिथेच उभी होते. मी बोलले नाही."

पातेल्यात आता फक्त कडेकडेने बारीक तडतड उरली होती. जमलेले लोक ती ऐकण्यासाठी पुढे वाकले.  रोचनेने पातेल्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"शाप त्यांना झाला तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "सुटले असं वाटलं."

लोणी गप्प झाले. फेस खाली बसला, आणि त्याखाली सोन्याच्या रंगाचे स्वच्छ तूप दिसले. त्याला असा गंध सुटला, की देवांनाही पूर्वीचे निःशब्द तूप फिके होते असे वाटले. ते उघड कोणी बोलले नाही. पण भांड्याच्या तळाशी काहीतरी तांबूस, करपलेले, चिकटून राहिले होते.

"तूप मी नेतो," अग्नी म्हणाले. "जे बोललीस ते माझ्यात जळून गेले. हे खाली राहिले आहे ते विपुलेचे. तिच्यावरचा शाप तू बोलल्याने उतरलेला नाही. हे जाळण्याचा अधिकार मला नाही."

उदर्चींनी कमंडलूतले पाणी घेतले आणि शाप परत घेण्याचा मंत्र म्हटला. पाणी हातावरून गळले आणि मातीत जिरले. मातीला काही झाले नाही. गोठ्यातही काही झाले नाही. देण्याचे मंत्र त्यांना पुष्कळ पाठ होते.

"माझ्या नावावर करा तो शाप," रोचना म्हणाली. "वासरे माझ्यापासून मागे सरू देत. त्यांच्याकडे जाऊ देत."

"तसा अर्ज ब्रह्मदेवाकडे करावा लागेल," अग्नी म्हणाले. "आणि ऐक. आजपासून पृथ्वीवरचे प्रत्येक लोणी चुलीवर आधी बोलेल, बोलून झाले की गप्प होईल, आणि गप्प झाले की तूप होईल. प्रत्येकाच्या तळाशी ही बेरी राहील. तुझ्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहील."

उदर्चींना अग्नीने काही शिक्षा सांगितली नाही. धार सूर्यास्तापर्यंत गेली नाही. यज्ञ दुपारीच संपला. पैलतीरावरचे ऋषी, फार वाईट झाले, असे म्हणत घाईने घरी गेले. ही गोष्ट इतर आश्रमांत पसरली तेव्हा तिथल्या स्त्रियांनी रोचनेला पाणवठ्यावर ऐकवले, "धार तू काढलीस बाई, भांडी मात्र आम्ही घासतो."  रोचनेने प्रायश्चित्त म्हणून पहिल्या पातेल्यातली बेरी खरवडून खाल्ली. ती कडू असेल असे तिला वाटले होते. ती गोड लागली. ते तिला सर्वांत जड गेले.

अर्जाला बाधित व्यक्तीचे म्हणणे जोडावे लागते. म्हणून रोचना नदी ओलांडून गेली. पलीकडच्या माळावर विपुलेने बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले होते आणि आत शेळ्या पाळल्या होत्या. दोन करडे तिच्या मांडीवर चढून तिचा पदर चावत होती.

रोचना त्यांच्याकडे बघत राहिली.

"बस," विपुला म्हणाली. "करडं येतात. उदर्चीने शाप घाईत दिला, त्यात करडांचा उल्लेख राहून गेला. कोणतीही गोष्ट पुरती करायची त्याला सवय नाही."

"वन्सं, मी तिथे सगळं सांगितलं."

"ऐकलं. माळावरच्या गुराख्यांनाही ठाऊक आहे."

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"दोरी माझ्याही हातात होती. डेरा किती जड आहे ते मला कळत नाही का?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

विपुलेने एका करडाच्या तोंडातून पदर सोडवला. "तू बोलशील म्हणून थांबले," ती म्हणाली.

 कुंपणाबाहेर कोणाची तरी गाय चरत होती, तिच्यामागे वासरू होते. विपुलेचा हात सवयीने थोडा पुढे झाला. वासरू थबकले, आणि आईच्या पलीकडच्या अंगाला गेले. विपुलेने हात परत मांडीवर ठेवला.

"अर्जावर तुमचं म्हणणं हवंय," रोचना खाली बघून म्हणाली. "शाप माझ्या नावावर व्हावा म्हणून."

"माझी हरकत नाही, असं लिही."

"आणि..."

"क्षमा केली, असं लिहू नकोस. ते मी ठरवलेलं नाही." मग ती उठली. "आलीच आहेस तर दोरी धर. शेळीच्या दुधाचं लोणी यायला वेळ लागतो, एकटीने हात भरून येतात."

रोचनेने दोरीचे टोक धरले. एकीने ओढले, दुसरीने सोडले.  लोणी वर आल्यावर विपुलेने गार पाण्याचा हबका मारला, गोळा काढला आणि कढवायला ठेवला. शेळीचे असूनही ते तडतडले, गप्प झाले, आणि तळाशी बेरी राहिली. तेव्हापासून घुसळणाच्या दिवशी रोचना नदी ओलांडून जात असे. उदर्चि ऋषींनी पुढे मौनव्रत घेतले. त्या व्रताचे सर्वत्र कौतुक झाले.

अर्ज यथाकाल ब्रह्मलोकी पोहोचला. ब्रह्मदेवाने तो अभिप्रायासाठी अग्नीकडे पाठवला. अग्नीने, शापाचे हस्तांतर करण्यास आपली हरकत नाही, मात्र मूळ नुकसान वासराचे झाले असल्याने त्याचे म्हणणे घेणे आवश्यक आहे, असा अभिप्राय दिला. अर्ज यमलोकी गेला. सदर वासराने त्यानंतर अनेक जन्म घेतले असून सध्या ते कोणत्या गोठ्यात आहे याचा शोध घेण्याचे काम चालू आहे, असे यमलोकाकडून कळवण्यात आले.

मध्यंतरी तीन युगे झाली. रोचना आणि विपुला आपापले आयुष्य भोगून गेल्या. अर्जदार हयात नसल्याच्या कारणास्तव अर्ज निकाली काढावा, अशी टिप्पणी एकदा ठेवण्यात आली होती; ब्रह्मदेवाने ती मान्य केली नाही. घरोघर लोणी अद्याप तडतडते, आणि तूप गाळल्यावर बेरी राहते. मुले ती गूळ घालून खातात.

वासराचे म्हणणे अद्याप प्राप्त झालेले नाही. अर्ज विचाराधीन आहे.